कुप्पमची शाळा

चेन्नईच्या दक्षिण अंगाला अड्यार नदी समुद्राला मिळते. नदीच्या मुखाशी दक्षिण तीरावर थिऑसॉफिकल सोसायटीचे अडीचशे एकरांचे झाडीने भरलेले आवार आहे. झाडी संपून वाळू लागते तिथे मच्छीमारांची जोडवस्ती आहे: ऊरूर कुप्पम आणि ऑल्कॉट कुप्पम. कुप्पम म्हणजे आपल्याकडचा कोळीवाडा. वाळूवर ओढून ठेवलेल्या होड्या, सुकत घातलेली जाळी, दारात मासळी निवडणाऱ्या बायका, सगळे ओळखीचे. नाव मात्र न्यू जर्सीत जन्मलेल्या एका अमेरिकन कर्नलचे. कर्नल हेन्री स्टील ऑल्कॉट यांनी बौद्ध धर्मावर प्रश्नोत्तरी लिहिली, सिंहलमध्ये, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, शाळांची चळवळ उभी केली, जगभर व्याख्याने दिली. पण कोळीवाड्याच्या तोंडी त्यांचे नाव बसले ते, माझ्या मते, यातल्या कशामुळेही नाही. ते बसले त्यांनी १८९४ मध्ये इथे काढलेल्या एका फुकट शाळेमुळे.

चेन्नईतल्या मराठी माणसांच्या स्मरणिकेत तंजावरचे राजघराणे असते, दिवाण टी. माधवराव असतात, गणेशोत्सवाचे फोटो असतात. तमिळ माध्यमाच्या, गोरगरिबांच्या या शाळेचे इथे काय काम, असे कोणी विचारील. उत्तर सोपे आहे. या शाळेच्या गोष्टीत मराठी माणसे पुन्हा पुन्हा डोकावतात, आणि तीही जिथे अपेक्षा नसते तिथे. शिवाय आपण ज्या शहरात राहतो त्या शहराची शाळा कशी घडली हे ठाऊक नसताना केवळ आपल्या मंडळांचे अहवाल छापत राहणे मला अपुरे वाटते.

ऑल्कॉट यांचा जन्म १८३२ चा. अमेरिकेच्या यादवी युद्धात ते कर्नल झाले, लिंकनच्या खुनाच्या तपासात त्यांनी काम केले, पुढे न्यूयॉर्कमध्ये वकिली केली. १८७५ मध्ये मादाम ब्लाव्हाट्स्की आणि इतरांसोबत त्यांनी थिऑसॉफिकल सोसायटी स्थापन केली. १८७९ च्या फेब्रुवारीत दोघे मुंबईत उतरले. पहिली काही वर्षे सोसायटीचा मुक्काम मुंबईतच होता. 'द थिऑसॉफिस्ट' हे मासिकही १८७९ च्या ऑक्टोबरात तिथूनच निघाले. १८८२ मध्ये अड्यारची हडलस्टन गार्डन्स ही मालमत्ता घेतली गेली आणि वर्षअखेरीस बिऱ्हाड मद्रासला हलले.

त्याच वर्षी मद्रासमध्ये सोसायटीची शाखा निघाली. तिचे अध्यक्ष झाले दिवाण बहादूर आर. रघुनाथराव: घराणे तंजावरकडचे देशस्थ मराठी, टी. माधवरावांचे भाऊबंद, स्वतः इंदूरचे दिवाण राहिलेले, आणि विधवाविवाहाचा शास्त्राधारे हट्टाने पुरस्कार करणारे. पुढे १८८७ मध्ये रानड्यांसोबत सामाजिक परिषद उभी करणारे रघुनाथराव ते हेच. १८८४ च्या अड्यार अधिवेशनानंतर मद्रासमध्ये त्यांच्या घरी सतरा जण जमले आणि तिथे राष्ट्रीय सभेची कल्पना निघाली, असे ॲनी बेझंट यांनी लिहिले आहे. काँग्रेसच्या जन्माचे श्रेय एवढे सरळ वाटता येते की नाही हा वेगळा वाद. पण अड्यारच्या आवारात मराठी बोलणारा माणूस पाहुणा नव्हता, एवढे यातून दिसते.

आवाराच्या बाहेरचे जग वेगळे होते. अड्यार तेव्हा शहर नव्हते, नदीपलीकडचे खेडे होते. तमिळ गावाची रचना महाराष्ट्रातल्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही. सवर्णांची वस्ती ती 'ऊर', आणि तिच्यापासून अंतर राखून परैयरांची 'चेरी'; आपल्याकडे गावठाण आणि महारवाडा, तसेच. जमीन मिरासदारांची. १८९१ मध्ये चिंगलपुट जिल्ह्याचे कलेक्टर ट्रेमेनहीर यांनी परैयरांच्या स्थितीवर सरकारला अहवाल दिला. हातात जमीन नाही, आणि राहत्या झोपडीखालची जागासुद्धा मालकाची, त्यामुळे मालकाने उठ म्हटले की उठायचे, असे त्यातले चित्र आहे. मिरासदार हा शब्द आपण ग्रामीण कथांतून प्रेमाने वाचतो. चिंगलपुटच्या चेरीत त्याचा अर्थ हा होता. त्या जिल्ह्यातले मिशनरी आधीपासूनच हा प्रश्न लावून धरत होते. ओरड झाली, आणि १ फेब्रुवारी १८९३ रोजी मद्रास सरकारने पंचमांच्या, म्हणजे परैयर आणि इतर अस्पृश्य जातींच्या, शिक्षणासाठी खास आदेश काढला. शिक्षणखात्याच्या इतिहासात त्याला पंचम-शिक्षणाची सनद म्हणतात. शाळा काढणाऱ्यांना जादा अनुदान, शिक्षक तयार करण्याची सोय, सरकारी जागेची मदत असा त्याचा साधारण आशय होता.

वस्ती हात जोडून वाट पाहत बसली नव्हती, हेही सांगायला हवे. १८९३ मध्येच रेट्टमलै श्रीनिवासन यांनी मद्रासमध्ये 'परैयन' नावाचे पत्र सुरू केले. शिवी म्हणून वापरले जाणारे जातीचे नाव त्यांनी मथळ्यावर छापले. हेच श्रीनिवासन पुढे १९३० मध्ये डॉ. आंबेडकरांबरोबर गोलमेज परिषदेला लंडनला गेले. त्यांचे मेहुणे अयोद्धीदास पंडितर सिद्ध वैद्य होते, तमिळचे जाडे विद्वान होते, आणि आपला समाज मुळात हिंदू नव्हेच, असे अनेक वर्षे मांडत होते.

सरकारी आदेशानंतर वर्षभराने, १८९४ मध्ये, ऊरूरला ऑल्कॉट यांची शाळा उघडली. पंचमांच्या मुलांसाठी, फी न घेणारी, आणि मिशनची नसलेली. या तिसऱ्या गोष्टीचे महत्त्व आज चटकन ध्यानात येत नाही. चेरीतल्या मुलांना त्या काळी शिकवीत होते ते प्रामुख्याने मिशनरी, आणि त्यांच्या कामाला कमी लेखण्याचे काही कारण नाही. ते नसते तर ट्रेमेनहीरचा अहवालही कदाचित झाला नसता. पण तिथे अक्षरासोबत धर्म येई. ऑल्कॉट स्वतः १८८० मध्ये सिंहलच्या गाले गावी पंचशील घेऊन बौद्ध झालेले होते. तरी शाळेत कोणाचा धर्म बदलायचा नाही, हे त्यांनी ठरवून टाकले होते.

शाळेत काय शिकवायचे? गावोगावी तमिळ मुलगा शिके तो तिण्णै पळ्ळिक्कूडमात, म्हणजे ओट्यावरच्या शाळेत. आपल्या पंतोजीच्या शाळेची ती सख्खी बहीण: घोकंपट्टी, छडी आणि बोटाने वाळूत गिरवलेली अक्षरे, आपली धूळपाटी तीच. चेरीतल्या मुलाला अर्थात त्या ओट्यावर चढता येत नसे. या वाळूची एक गंमत आहे. ऑल्कॉटच्या शाळेच्या शंभर वर्षे आधी, १७८९ पासून, अँड्र्यू बेल नावाचे पाद्री एग्मोरच्या लष्करी अनाथाश्रमाचे प्रमुख होते. तिथली मुले सैनिकांची, बरीचशी मिश्र वंशाची. बेल यांनी देशी शाळेत वाळूत अक्षरे गिरवणारी पोरे पाहिली आणि तीच युक्ती अनाथाश्रमात आणली. शिक्षक अडून बसले तेव्हा मोठ्या मुलांकडून लहानांना शिकवून घेतले. १७९७ मध्ये त्यांनी त्यावर पुस्तक छापले, आणि 'मद्रास पद्धत' या नावाने हा प्रकार इंग्लंडभर गाजला. मद्रासच्या ओट्यावरची वाळू लंडनच्या गरीब मुलांपर्यंत पोचली, पण नदीपलीकडच्या चेरीत पोचायला तिला शंभर वर्षे लागली.

ऑल्कॉटच्या शाळांत मात्र वाळूपेक्षा वेगळे वारे आले. अमेरिकेतून सारा पामर नावाच्या शिक्षिका आल्या, त्यांच्यानंतर श्रीमती कोर्टराइट. दोघींचा भर किंडरगार्टन पद्धतीवर होता. वस्तू हातात देऊन शिकवायचे, गाणी, हातकाम, चित्रे, मोजून-मापून गणित. कोर्टराइटबाईंनी १९०६ मध्ये या अध्यापनावर स्वतंत्र पुस्तिकाच लिहिली. यात एक उलटापालट आहे, आणि मला ती फार आवडते. शहरातल्या खानदानी मुलांना त्या काळी 'पाठ करा' एवढेच सांगितले जात असताना, नव्या धर्तीची बालशिक्षणाची पद्धत चेरीतल्या मुलांच्या वाट्याला आली.

कौतुकाला मर्यादा आहे. ऑल्कॉट यांनी 'द पुअर पराया' ही पुस्तिका १९०२ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांचा अभ्यासक्रम माफक होता: वाचन, लेखन, हिशेब, बोलता येईल इतके इंग्रजी, स्वयंपाक. मद्रासच्या साहेबलोकांकडचे स्वयंपाकी, आया, बटलर बहुतेक याच समाजातले. मूल शिकून त्याच घरांत थोड्या बऱ्या पगारावर लागावे, फसवले जाऊ नये, एवढी ती झेप होती. उच्च शिक्षणाचे दार उघडायचा त्यांचा विचार नव्हता. पुण्यात जोतीराव फुल्यांनी १८५२ मध्ये महार-मांगांच्या मुलांची शाळा काढली आणि १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे प्राथमिक शिक्षणाची बाजू मांडली, तेव्हा त्यांच्या मागणीच्या पोटात सत्तेचा आणि हक्काचा प्रश्न होता. अड्यारच्या शाळेच्या पोटात दया होती. दयेने बांधलेल्या वास्तूत पुढे हक्काची माणसे राहायला येतात, हा इतिहासाचा भाग. पण पाया कशाचा होता ते लपवू नये.

एका शाळेच्या पाच शाळा झाल्या. कोडंबाक्कमची शाळा ब्लाव्हाट्स्कींच्या स्मरणार्थ. मैलापूरची तिरुवळ्ळुवरांच्या नावाने. हे नाव विचारपूर्वक निवडलेले, कारण तमिळांचा हा सर्वांत थोर कवी परंपरेनुसार याच समाजाशी नाते सांगतो. आणखी एक ॲनी बेझंट यांच्या नावाची. आणि तेनाम्पेटची शाळा दामोदरच्या नावाची.

दामोदर म्हणजे दामोदर के. मावळंकर. जन्म १८५७, अहमदाबादचा, घर कऱ्हाडे ब्राह्मणाचे. मुंबईत ऑल्कॉट-ब्लाव्हाट्स्की उतरल्यावर वर्षाच्या आत हा बावीस वर्षांचा तरुण त्यांच्याकडे आला, वाडवडिलांच्या इस्टेटीवर आणि जातीवर पाणी सोडून सोसायटीच्या कचेरीत राहू लागला, मासिकाचे व्यवस्थापन पाहू लागला. १८८० च्या मे महिन्यातल्या 'थिऑसॉफिस्ट'मध्ये त्याने भारतातल्या जातींवर लेख लिहून आपण जात का सोडली ते सांगितले. वयाच्या बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी, १८८० मध्ये, नावानिशी, छापील कागदावर. १८८५ च्या फेब्रुवारीत तो अड्यारहून तिबेटच्या वाटेने निघाला आणि सिक्कीमच्या डोंगरांपलीकडे नाहीसा झाला. सोसायटीच्या भक्तांनी पुढे त्याच्याभोवती महात्म्यांच्या गोष्टी विणल्या. त्यात मला रस नाही. तेनाम्पेटच्या चेरीतल्या मुलांच्या शाळेवर जात सोडलेल्या ब्राह्मण पोराचे नाव लागावे, ही निवड मला त्या सगळ्या गोष्टींपेक्षा अर्थपूर्ण वाटते. अड्यारच्या आवारातल्या दामोदर गार्डन्सलाही त्याचेच नाव आहे. १९३४ नंतर तिथे बेझंट स्मारक शाळा भरू लागली, आणि १९७९ पासून बरीच वर्षे कृष्णमूर्ती फाउंडेशनची 'द स्कूल' तिथे होती. चेन्नईतल्या अनेक मराठी घरांतली मुले या पत्त्यावर शिकली असतील. मावळंकर हे आडनाव किती जणांनी ओळखले असेल, कोण जाणे.

शाळांच्या पाठोपाठ १८९८ साल आले, आणि वस्तीने कर्नलकडे अक्षरांपेक्षा मोठी मागणी केली. अयोद्धीदास पंडितर आणि शाळामास्तर कृष्णस्वामी हे ऑल्कॉट यांच्यासोबत सिंहलला गेले, कोलंबोला बौद्ध धर्माची दीक्षा घेतली, आणि परत येऊन मद्रासच्या रॉयपेट्टात शाक्य बौद्ध संघ उभा केला. पंडितरांनी १९०७ मध्ये एका पैशाला मिळणारे तमिळ साप्ताहिक काढले आणि १९१४ मध्ये मृत्यू येईपर्यंत चालवले. या संघातले प्राध्यापक पी. लक्ष्मी नरसू यांचे बौद्ध धर्मावरचे इंग्रजी पुस्तक १९०७ चे. १९४८ मध्ये त्याची तिसरी आवृत्ती स्वतःच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध करणारे होते डॉ. आंबेडकर. नागपूरच्या दीक्षाभूमीवर जाणाऱ्या मराठी माणसाने या धाग्याचे दुसरे टोक मद्रासमध्ये आहे, हे जाणून असावे. शाळा दयेवर उभी होती असे वर म्हटले. पण शाळेच्या भोवतालची माणसे हक्काकडे केव्हाच निघाली होती.

१७ फेब्रुवारी १९०७ रोजी ऑल्कॉट अड्यारला वारले. त्याआधी चारच महिने, १८ ऑक्टोबर १९०६ रोजी, मुंबईच्या परळला विठ्ठल रामजी शिंदे यांच्या निराश्रित साहाय्यकारी मंडळीने अशाच मुलांसाठी आपली पहिली शाळा उघडली होती.

ऑल्कॉटनंतर अध्यक्षपद आले ॲनी बेझंट यांच्याकडे. त्या होमरूलच्या पुढारी, काँग्रेसच्या अध्यक्ष. पण या विषयातली त्यांची एक भूमिका कोणत्याही स्मरणिकेने झाकू नये. १९०९ मध्ये 'इंडियन रिव्ह्यू'मध्ये दलितांच्या उद्धारावर लिहिताना त्यांनी, या मुलांना आधी स्वच्छता आणि चालीरीती शिकवाव्यात, लगेच इतर मुलांच्या शेजारी बसवू नये, असा युक्तिवाद केला. बाबासाहेबांनी १९४५ च्या आपल्या पुस्तकात, काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले याचा जाब मागताना, तो उतारा सविस्तर उद्धृत केला आहे. वेगळी शाळा ही सोय होती की भिंत, हा प्रश्न त्यामुळे आजही उत्तर मागतो. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून मुलांना सर्वसाधारण शाळांत घेण्याचा हुकूम काढला. सार्वजनिक शाळा आणि पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा मुंबई विधिमंडळातला बोले यांचा ठराव १९२३ चा. मद्रासमध्ये १९२२ मध्ये एम. सी. राजा यांच्या ठरावानंतर 'पंचम' आणि 'परैयन' ही नावे सरकारी कागदांतून गेली, 'आदि द्रविड' आले. 'पंचम' हे नाव गेल्यावर 'पंचमांची शाळा' या कल्पनेलाही फार दिवस उरले नव्हते.

पाचपैकी चार शाळा पुढे मद्रास महापालिकेकडे गेल्या. सोसायटीकडे राहिली ती पहिली, ऊरूरची. दामोदर, तिरुवळ्ळुवर ही नावे शाळांच्या पाटीवरून पुसली गेली, याची हळहळ काही जणांना वाटते. मला वाटत नाही. खाजगी परोपकाराने सुरू केलेले काम करदात्याच्या पैशाने चालू लागणे, यापेक्षा त्या कामाचा मोठा विजय कोणता? आणि महापालिका तेव्हा झोपलेली नव्हती. १९२० मध्ये जस्टिस पक्षाचे पी. त्यागराय चेट्टी महापालिकेचे अध्यक्ष असताना थाउजंड लाइट्सच्या महापालिका शाळेत दुपारचे जेवण सुरू झाले, दर मुलामागे एका आण्याच्या आत. थाउजंड लाइट्स म्हणजे शिया मुसलमानांच्या मोठ्या मशिदीवरून नाव पडलेला मोहल्ला; तमिळ, उर्दू, तेलुगू एकाच गल्लीत ऐकू येणारा. मुले भुकेपोटी येत नाहीत आणि आलेली टिकत नाहीत, हे महापालिकेच्या लक्षात आले. प्रयोग आणखी चार शाळांत गेला आणि पटसंख्या वाढली. मग सरकारने प्राथमिक शिक्षणाच्या निधीतून जेवणाचा खर्च नामंजूर केला आणि १ एप्रिल १९२५ पासून पाने उचलली गेली. आज देशभर शाळांतून खिचडी शिजते, तिची चूल अशी एकदा पेटून विझलेली आहे. कामराजांनी ती १९५६ मध्ये पुन्हा पेटवली, एमजीआर यांनी १ जुलै १९८२ पासून मोठ्या पातेल्यात चढवली.

अड्यारला दरम्यान आणखी एक पाहुणी आली होती. १९३९ च्या नोव्हेंबरात सोसायटीचे तेव्हाचे अध्यक्ष जॉर्ज अरुंडेल यांच्या निमंत्रणावरून मारिया माँटेसरी मुलासह अड्यारला पोचल्या. वय एकोणसत्तर. ऑल्कॉट गार्डन्समध्ये झावळ्यांच्या झोपड्यांचे एक गावच उभारले होते, आणि देशभरातून आलेले तीनशेच्या आसपास शिक्षक जमिनीवर बसून त्यांचा वर्ग ऐकत होते. सहा-सात महिन्यांत इटली युद्धात उतरली. इटालियन नागरिक म्हणून माँटेसरींना अड्यारच्या आवारात स्थानबद्ध केले, आणि मुलगा मारिओ याला नेऊन ठेवले कुठे, तर आपल्या अहमदनगरच्या छावणीत. ३१ ऑगस्ट १९४० रोजी त्यांच्या सत्तराव्या वाढदिवसाला व्हाइसरॉयने त्याची सुटका केली आणि तशी तार पाठवली. तोवर जगापुढे भाचा किंवा दत्तक म्हणून वावरलेल्या मारिओचा त्या तारेत 'मुलगा' असा उल्लेख होता, असे चरित्रकार सांगतात. युद्धाची जवळजवळ सारी वर्षे त्या भारतात राहिल्या. आपल्याकडे ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालवाडी दलितवस्तीच्या अंगणात नेली, महाग साधनांऐवजी शंख-शिंपले, बिया, माती वापरली, तेव्हा माँटेसरी पद्धत खऱ्या अर्थाने गरिबाच्या दारात आली. अड्यारच्या झावळ्यांच्या झोपडीपासून कुप्पम हाकेच्या अंतरावर होते. हाकेचे अंतर ओलांडण्याचे काम बोर्डीत जास्त नीट झाले, असे माझे प्रामाणिक मत आहे.

ऊरूरच्या शाळेचे पुढचे आयुष्य शेजाराने घडवले. ऑल्कॉट मेमोरियल शाळा वाढत वाढत दहावीपर्यंत आणि पुढेही गेली. फी नाही हे सूत्र राहिले, माध्यम तमिळ राहिले, आणि मुलांच्या जेवणाची, पुस्तकांची, गणवेशाची सोय शाळा पाहत आली. परैयरांच्या मुलांसाठी काढलेल्या शाळेच्या पटावर कुप्पमची मुले आली. बाहेरच्याला हे सगळे 'गरीब' म्हणून एकच दिसतात. पण मच्छीमार पट्टिनवर ही स्वतंत्र, स्वाभिमानी जात, किनाऱ्यावर तिची स्वतःची पंचायत, स्वतःचे कायदे, आणि चेरीपासून तिनेही अंतर राखलेले. त्यांची आणि रोजंदारीवाल्यांची, घरकाम करणाऱ्या बायांची मुले एका बाकावर बसणे ही या शाळेची खरी विविधता. सोसायटीच्या आवारात हिंदू मंदिर, बुद्धविहार, पारशी अग्यारी, मशीद, चर्च सगळे आहे आणि परदेशी पाहुणे ते कौतुकाने पाहतात. शाळेतले मिश्रण फोटोत येत नाही.

१९७० च्या दशकात गृहनिर्माण मंडळाने किनाऱ्यालगत बेझंट नगर वसवले. अष्टलक्ष्मीचे देऊळ झाले, वेलंकन्नी मातेचे चर्च झाले, बंगले आणि फ्लॅट आले, नंतर आइस्क्रीमची दुकाने. कुप्पमच्या बायकांना घरकाम मिळाले आणि जागेला भाव आला. तेव्हापासून 'सुशोभीकरण' हा शब्द कानावर पडला की कोळीवाडा सावध होतो. वरळीकरांना हे सांगायला नको. २६ डिसेंबर २००४ च्या सकाळी सुनामीने चेन्नईच्या किनाऱ्यावरच्या कुप्पमांना झोडपले. २०१५ च्या डिसेंबरात अड्यार नदीने पात्र सोडले. अशा प्रत्येक वेळी शहराला कळते की शाळा ही वस्तीतली सगळ्यात पक्की, सगळ्यात मोकळी आणि सगळ्यांना ठाऊक असलेली इमारत असते.

२०१५ सालच्याच फेब्रुवारीत गायक टी. एम. कृष्णा, पर्यावरण कार्यकर्ते नित्यानंद जयरामन आणि वस्तीतली माणसे यांनी ऊरूर-ऑल्कॉट कुप्पममध्ये कलामहोत्सव भरवला. मार्गळी महिन्यात मैलापूरच्या वातानुकूलित सभागृहांत चालणारे कर्नाटक संगीत वाळूवरच्या मंडपात आले, लोककलांच्या शेजारी बसले. यावर बरेच लिहिले गेले, थोडी कुजबुजही झाली: हा वस्तीचा सन्मान की वस्तीचे प्रदर्शन? प्रश्न चुकीचा नव्हता. पण बेझंट नगरच्या फ्लॅटमधली जी माणसे वीस-वीस वर्षे कुप्पमच्या गल्लीत शिरली नव्हती ती त्या निमित्ताने चालत आली, हेही खरे.

आज या शाळेपुढचा प्रश्न पटाचा आहे, आणि तो पुण्या-मुंबईच्या मराठी शाळांचाच आहे. कुप्पमच्या आईलाही मूल इंग्रजी माध्यमात घालायचे असते. कर्ज काढून ती गल्लीतल्या खाजगी शाळेची फी भरते. तिला दोष देणारे बहुधा आपल्या मुलांना इंग्रजीतच शिकवून मोकळे झालेले असतात. तमिळनाडू सरकारने २०२२ मध्ये सरकारी प्राथमिक शाळांत सकाळची न्याहारी सुरू केली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये मैलापूरच्या एका शाळेतून ती शहरांतल्या अनुदानित प्राथमिक शाळांनाही लागू केली. पोंगल, उपमा, खिचडी, सांबार. १९२० मधला एक आणा बराच लांब पोचला.

दरम्यान पटावर नवी नावे दिसू लागली आहेत, चेन्नईच्या तमिळ माध्यमाच्या शाळांत सगळीकडेच. बिहार, ओडिशा, बंगालहून बांधकामावर आणि हॉटेलांत कामाला आलेल्यांची मुले तमिळ अक्षरे गिरवतात, सहा महिन्यांत खडखडीत तमिळ बोलतात आणि आईबापांचे दुभाषी होतात. आपल्यातली कित्येक घरे चेन्नईत तीस वर्षे काढून दुकानदाराशी अजून हिंदी-इंग्रजीतच बोलतात. आणि ज्या बाई आपल्याकडे सकाळी भांडी घासायला येतात, त्यांचे मूल शिकते त्या शाळेला दामोदर मावळंकरांच्या आणि रघुनाथरावांच्या दिवसांपासून आपला शेजार आहे.